स्टिअरिंग व्हीलच्या ऑप्टिकल एन्कोडरचं रिझोल्यूशन वाढवायचंय: नवीन एन्कोडर घेऊ, की आहे त्यातून निघेल?

रंकाळा_रेसर

नमस्कार मंडळी. घरी रेसिंग गेमसाठी फोर्स फीडबॅकवालं (मोटरने हाताला जोर जाणवून देणारं) स्टिअरिंग बनवतोय. सांगाडा चौकोनी पाइपचा, २० मिमीचा शाफ्ट दोन यूसीपी२०४ पेडेस्टल बेअरिंगवर. मोटर एमवाय१०१६, २४ व्होल्ट २५० वॅट, टायमिंग बेल्टने शाफ्टला जोडलीय. ड्रायव्हर बीटीएस७९६०, कंट्रोलर आर्डुइनो लिओनार्डो. एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते रेघांच्या चकतीवरून मोजणारा सेन्सर) सगळीकडे मिळतो तो एलपीडी३८०६, ६०० पीपीआर (वेढ्याला ६०० पल्स), कपलिंगने थेट शाफ्टच्या मागच्या टोकाला. लॉक टू लॉक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) ९०० अंश, म्हणजे अडीच वेढे.

तीन गोष्टी खुपतायत. सरळ रस्त्यावर व्हील किंचित हलवलं की गाडी लगेच वळत नाही, मग एकदम टप्प्याने वळते. गेममधला डॅम्पर (व्हील फिरवायला होणारा विरोध) वाढवला की व्हील हळू फिरवताना हाताला किरकिर जाणवते, घरघर आवाजही येतो. आणि थोडा वेळ खेळलं की सेंटर एका बाजूला सरकतो.

मित्र म्हणतोय ६०० चा काढ आणि २५०० लाइनचा टाक. तो आत्ता बजेटमध्ये बसत नाही. आहे त्याच एन्कोडरमधून जास्त रिझोल्यूशन काढता येईल का? फर्मवेअर नेटवर मिळालेल्या स्केचवरून (आर्डुइनोच्या प्रोग्रामवरून) घेतलंय.

भोसरी_मेंटेनन्स

खरेदीला घाई करू नका. आधी एकच काम करा. व्हीलवर आणि फ्रेमवर समोरासमोर मार्करने रेघ मारा, बरोबर एक वेढा फिरवा आणि सिरीयल मॉनिटरवर कच्चा काउंट किती वाढला ते सांगा. मोटरची पॉवर बंद ठेवून.

एन्कोडरमधून ए आणि बी असे दोन सिग्नल येतात; ६०० आला तर तुमचा प्रोग्राम फक्त ए चॅनेलची चढती कड (सिग्नल ० वरून १ होतो तो क्षण) मोजतोय. १२०० आला तर ए च्या दोन्ही कडा. ए आणि बी दोन्हींच्या दोन्ही कडा मोजल्या तर त्याच चकतीतून २४०० यायला हवेत. चकतीवर रेघा ६००च असतात, पण दोन सेन्सर पाव रेघेने सरकवून बसवलेले असल्यामुळे एका रेघेमागे चार वेगळ्या स्थिती मिळतात: ००, १०, ११, ०१. या चारही वापरल्याच पाहिजेत. सीएनसीच्या कंट्रोलला हे आतच झालेलं असतं, म्हणून आमच्याकडे कुणी विचार करत नाही. आर्डुइनोत ते आपलं आपण करावं लागतं.

रंकाळा_रेसर

काका, बरोबर ६०० आला. स्केचमध्ये एकच इंटरप्ट (कड आली की चालू काम थांबवून लगेच चालणारा कोड) आहे, ए वर. बी फक्त दिशा कळायला वाचतात.

म्हणजे एक काउंट ०.६ अंशाचा होता! दोन्ही चॅनेल पिन २ आणि ३ वर घेतले, दोन्हींना बदलणाऱ्या कडेवर इंटरप्ट लावला. आता वेढ्याला २४०० येतायत, पुन्हा पुन्हा तपासलं. पण गेममध्ये टप्पे जवळजवळ तसेच. विंडोजच्या गेम कंट्रोलर टेस्टमध्ये व्हील हळू फिरवलं की काटा थांबत थांबत उडी मारतो. कच्चा काउंट मात्र सलग वाढतोय. हे कसं काय?

सर्किटवेडी

मग गळती पुढे आहे. तुम्ही आर्डुइनोची नेहमीची जॉयस्टिक लायब्ररी वापरत असाल, तर तिचा अ‍ॅक्सिस मुळात ० ते १०२३ असतो. हिशोब बघा. ९०० अंशांत ६००० काउंट तुम्ही कष्टाने गोळा केलेत आणि संगणकाला देताना ते १०२४ खणांत कोंबताय. एक खण जवळपास ०.८८ अंशाचा, म्हणजे तुमच्या जुन्या ०.६ पेक्षाही जाड. २५०० लाइनचा एन्कोडर लावला असता तरी काटा असाच उडाला असता.

अ‍ॅक्सिसची रेंज सेट करायचं फंक्शन त्याच लायब्ररीत आहे. रेंज −३२७६८ ते ३२७६७ करा. मॅप करताना सगळी चलं लाँग ठेवा. इंट या बोर्डवर १६ बिटांचा आहे, गुणाकारातच उलटेल.

आणखी दोन गोष्टी आत्ताच करून टाका. काउंट चार बाइटचा असेल तर मुख्य लूपमध्ये तो वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा. हा ८ बिट प्रोसेसर आहे, चार बाइट एका झटक्यात वाचत नाही. मधेच इंटरप्ट आला तर अर्धा जुना अर्धा नवा आकडा हाती येतो आणि स्टिअरिंग एखाद्या वेळी अचानक झटका देतं. असला दोष शोधताना जीव जातो.

दुसरं, दिशा ठरवायला इफ-एल्सच्या रांगा नकोत. जुनी दोन बिटं आणि नवी दोन बिटं जोडून ० ते १५ चा आकडा बनवा आणि तक्त्यात बघा:

०, −१, १, ०, १, ०, ०, −१, −१, ०, ०, १, ०, १, −१, ०

यातल्या ३, ६, ९ आणि १२ या जागा अशक्य उड्यांच्या आहेत. ०० वरून थेट ११ व्हायला मधली एक कड हुकलेली असते. तिथे शून्य मिळवून गप्प बसू नका, एक वेगळा 'चूक' काउंटर वाढवा. सेंटर का सरकतो त्याचं उत्तर तो काउंटर देईल.

रंकाळा_रेसर

ताई, पहिला प्रश्न मिटला! काटा आता लोण्यासारखा फिरतो. सरळ रस्त्यावर गाडी हाताबरोबर हलते.

चूक काउंटरही टाकला. मोटर बंद असताना कितीही जोरात फिरवलं तरी तो शून्यावरच. मोटरची पॉवर चालू करून व्हील नुसतं धरून ठेवलं तरी वाढतो, आणि फोर्स जास्त तेवढा पटापट वाढतो. घरघर मात्र आहे तशी आहे.

भोसरी_मेंटेनन्स

मोटर बंद असताना शून्य, याचा अर्थ प्रोसेसर पुरा पडतोय. मोटरचा नॉइज एन्कोडरच्या तारांत शिरतोय. पुलअप कोणता वापरलाय? हा एन्कोडर एनपीएन ओपन कलेक्टर आहे. तो लाइन फक्त खाली खेचतो, वर आणायचं काम रेझिस्टरचं. बोर्डाचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, फारच दुबळा. मीटरभर केबलला १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स धरा. दोन मीटर केबल आणि ३५ किलोओहम म्हटलं तर टाइम कॉन्स्टंट (लाइन वर चढायला लागणाऱ्या वेळेचं माप) ७ मायक्रोसेकंद. कड चढायच्या ऐवजी रांगत जाते आणि तेवढ्या वेळात मोटरचा एक स्पाइक पुरतो. बाहेरून २.२ किलोओहम लावा, ए ला एक, बी ला एक, कंट्रोलरच्या टोकाला. टाइम कॉन्स्टंट अर्ध्या मायक्रोसेकंदाखाली येईल, करंट दोन-सव्वादोन मिलीअँपिअर, एन्कोडरला काहीच नाही.

रेझिस्टर लावताना पॉवर काढा. ए किंवा बी ची तार चुकून थेट पाच व्होल्टला लागली आणि आतला ट्रान्झिस्टर चालू असला तर तो जातो. असे मेलेले एन्कोडर आमच्या टेबलावर बरेच येतात. लोक म्हणतात "एकच चॅनेल चालतो".

एन्कोडर केबलचं शील्ड कंट्रोलरच्या बाजूला एकाच टोकाला ग्राउंडला जोडा. मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घ्या आणि एन्कोडर केबलपासून लांबून न्या. दोन्ही एकाच केबल टायमध्ये आवळल्या असतील तर आधी ती टाय कापा. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. मोटरच्या ब्रशवर टर्मिनल ते टर्मिनल ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकलात तर उत्तम.

मांडवीकाठ

घरघरीसाठी वेगावर मूव्हिंग अ‍ॅव्हरेज फिल्टर टाकून बघा की. दहा सॅम्पलचा घेतला तर गुळगुळीत होईल.

सर्किटवेडी

तोच उपाय सगळ्यांना आधी सुचतो, पण फोर्स फीडबॅकमध्ये तो महागात पडतो. एक मिलीसेकंदाच्या लूपमध्ये दहा सॅम्पलचा सरासरी फिल्टर साडेचार मिलीसेकंदांचा उशीर आणतो. डॅम्परचं काम विरोध करणं. विरोध उशिरा आला की तो व्हीलला ढकलू लागतो आणि हात सोडले की व्हील डावी-उजवीकडे डोलायला लागतं. मूळ दोष तसाच राहतो.

मूळ कुठे आहे ते सांगते, कारण या धाग्यातला रिझोल्यूशनचा खरा प्रश्न हाच आहे. आत्तापर्यंतचे दोन्ही बिघाड हातात असलेले काउंट वाया घालवण्याचे होते. इथे काउंट खरोखरच कमी पडतायत.

डॅम्परला कोन नको असतो, वेग हवा असतो. तुमचं फर्मवेअर दर मिलीसेकंदाला आधीचा काउंट नव्यातून वजा करतं आणि त्याला वेग म्हणतं. एक काउंट ०.१५ अंशाचा. एका मिलीसेकंदात एक काउंट म्हणजे सेकंदाला १५० अंश. म्हणजे तुमच्या कंट्रोलरला वेग ० दिसतो, नाहीतर १५०, नाहीतर ३००. मधलं काही दिसतच नाही. आता तुम्ही व्हील सेकंदाला ३० अंशांनी, अगदी निवांत फिरवताय असं धरा. दर पाच मिलीसेकंदांनी एक काउंट येणार. कंट्रोलर वाचणार ०, ०, ०, ०, १५०, पुन्हा ०, ०, ०, ०, १५०. दर १५० ला डॅम्पर मोटरला एक टोला देणार. पाच मिलीसेकंदांनी एक टोला म्हणजे २०० हर्ट्झ. हीच तुमची घरघर.

पडताळा सोपा आहे. व्हील दुप्पट वेगाने फिरवा. आवाजाची पट्टी दुप्पट, ४०० हर्ट्झला जायला हवी, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. बेअरिंगची किंवा गिअरची किरकिर असेल तर मोटर बंद ठेवून फिरवतानाही यायला हवी.

उपाय: किती काउंट आले ते मोजण्याऐवजी दोन कडांमध्ये किती वेळ गेला ते मोजा. प्रत्येक इंटरप्टमध्ये मायक्रोसेकंदांचं घड्याळ वाचून ठेवा. १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोवर ते ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं. पाच मिलीसेकंदांच्या अंतरात ४ मायक्रोसेकंदांची चूक म्हणजे हजारात एकाहूनही कमी. जिथे ० किंवा १५० दिसत होतं तिथे आता ३०च्या आसपासचा सलग आकडा दिसेल.

यात एक खाच आहे. लागोपाठच्या दोन कडांमधला वेळ वापरू नका. स्वस्त एन्कोडरमध्ये ए आणि बी मधलं अंतर नेमकं ९० अंश नसतं आणि चालू-बंदचं प्रमाणही नेमकं निम्मं नसतं. चार कडा असमान अंतरावर पडतात आणि वेग लंगडत लंगडत येतो. शेवटच्या चार वेळा एका छोट्या चक्राकार अ‍ॅरेमध्ये ठेवा आणि प्रत्येक नव्या कडेची वेळ चार कडांपूर्वीच्या वेळेशी ताडा. ती त्याच चॅनेलची, त्याच प्रकारची कड असते, त्यामुळे असमानता आपोआप वजा होते. दिशा बदलली की अ‍ॅरे रिकामा करा.

आणि व्हील थांबलं तर? कडच आली नाही तर शेवटचा वेग तसाच धरून बसू नका. शेवटच्या कडेला जितका वेळ झाला, त्या वेळात जास्तीत जास्त एक काउंट झाला असता. त्याहून मोठा वेग खरा असूच शकत नाही, म्हणून तेवढ्यावर तो कापा. वेग सावकाश शून्याकडे उतरतो.

रंकाळा_रेसर

ताई, पट्टीचं आत्ताच करून बघितलं. माझा भाऊ हार्मोनियम वाजवतो, त्याला शेजारी बसवलं. म्हणाला, साधारण दुप्पट वेग केला की सूर वरच्या सप्तकात जातोय. मोटर बंद केली की काहीच नाही. पटलं!

काकांनी सांगितलेले २.२ किलोओहम लावले, केबल वेगळी केली. चूक काउंटर शून्य. सेंटर जागचा हलत नाही.

निशाचर

नाशिकहून. माझा विषय दुर्बिणीचा, पण एन्कोडर तोच. घरी बनवलेल्या डॉब्सोनियन दुर्बिणीला दोन्ही अक्षांवर एन्कोडर लावून मोबाइलवर तारा शोधतो. वेढ्याला १०,००० काउंट असले तर एक काउंट २.१६ कलांचा (६० कला म्हणजे एक अंश). पूर्ण चंद्र साधारण ३० कलांचा दिसतो, म्हणजे कमी ताकदीच्या आयपीसमध्ये वस्तू हमखास येते. ६०० पीपीआरवर नुसते २४०० मिळतात, एक काउंट ९ कला. ते पुरत नाही. म्हणून आम्ही पुली-बेल्टने एन्कोडर जास्त फिरवतो.

तुमच्याकडे शाफ्टवर ८० दात्यांची आणि एन्कोडरवर २० दात्यांची जीटी२ पुली लावा. एन्कोडर चौपट फिरेल, व्हीलच्या एका वेढ्याला ९६०० काउंट, एक काउंट ०.०३७५ अंश. ताईंच्या चार कडांची खिडकी ०.६ अंशांवरून ०.१५ वर येते. ३० अंशांच्या वेगाला ती २० मिलीसेकंदांची होती, ती पाचची होईल, म्हणजे वेगाचा उशीरही चौथाईवर. नवीन एन्कोडर न घेता तुमच्या मित्राच्या २५०० लाइनच्या, म्हणजे १०,००० काउंटच्या जवळ पोचता.

पण पुली छापील घेऊ नका, अ‍ॅल्युमिनियमची खराद केलेली घ्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला थ्री-डी प्रिंटरच्या सामानात मिळतात. मोठी पुली शाफ्टवर जरा तिरकी किंवा बाजूला बसली की प्रत्येक वेढ्याला एकदा पुढे-मागे चूक येते. काउंट बारीक झाले म्हणून कोन तितका अचूक झाला असं नाही. एन्कोडरच्या आतही हेच: चकती ०.०२ मिमी जरी बाजूला बसली आणि रेघांची त्रिज्या १५ मिमी धरली, तरी चूक ०.०७६ अंश. खेळात ती हाताला कळत नाही, कारण ती हळूहळू बदलते. दुर्बिणीत मात्र ती साडेचार कला खाते. बेल्ट हाताने दाबल्यावर किंचित दबेल इतकाच ताणा. फार ताणला तर एन्कोडरच्या छोट्या बेअरिंगवर जोर येतो.

मांडवीकाठ

एन्कोडर उघडून आतला साइन सिग्नल थेट घेतला तर? एकेका रेघेचे शंभर भाग करता येतील असं वाचलंय.

भोसरी_मेंटेनन्स

येतात. पण तसे एन्कोडर वेगळे असतात. सर्व्हो मोटरमध्ये हायडेनहाइनचा ईआरएन १३८७ बघा: २०४८ रेघा आणि बाहेर १ व्होल्ट पीक टू पीकचे साइन-कोसाइन सिग्नल. ड्राइव्ह त्या दोघांचा आर्कटॅन्जेंट काढून रेघेच्या आतली जागा ठरवतो. साइन आणि कोसाइन ऑसिलोस्कोपच्या एक्स-वाय मोडवर लावले की गोल दिसायला हवा. तो सरकलेला, अंड्यासारखा किंवा तिरका दिसला की तेवढी चूक प्रत्येक रेघेला येते. तो लंबगोल मोजून परत गोल करायची रीत हेडेमान यांनी १९८१ साली इंटरफेरोमीटरसाठी मांडली होती, एन्कोडरलाही ती चालते.

तुमच्या स्वस्त एन्कोडरमध्ये कंपॅरेटर आतच बसवलेला असतो, तारेवर चौकोनी सिग्नलच येतो. साइन काढायला चकतीजवळचं झाकण उघडावं लागेल आणि धूळ किंवा बोटाचा तेलकट ठसा बसला की आहे तोही जाईल. मी उघडणार नाही.

मॅग्नेटिकचा पर्याय कुणीतरी विचारेलच. एएस५६०० वेढ्याला ४०९६ देतो, एएस५०४७पी १६३८४. चांगले आहेत आणि एका वेढ्यात कोन कायम सांगतात. पण चुंबक चिपच्या मधोमध बसवावं लागतं, आणि यांच्या शाफ्टशेजारी मोठी मोटर आहे. ऑप्टिकल हाताशी असताना त्यात पडायचं कारण दिसत नाही.

सर्किटवेडी

बेल्ट लावणार असाल तर कंट्रोलरचाही विचार करा. सेकंदाला दोन वेढे, म्हणजे हात झटकून फिरवलेलं व्हील, ९६०० ला १९,२०० कडा देतं. दर ५२ मायक्रोसेकंदांनी एक इंटरप्ट. लिओनार्डोवर निभेल, पण पिन वाचायची सोपी फंक्शनं सोडून पोर्ट थेट वाचावा लागेल, आणि यूएसबीचे इंटरप्टही मधे येतातच.

एसटीएम३२ची ब्लू पिल (आर्डुइनोऐवजी वापरायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) घेतली तर टायमरच्या एन्कोडर मोडमध्ये मोजणी हार्डवेअरच करतं, चारही कडा, प्रोसेसरला हात न लावता. इनपुटवर डिजिटल फिल्टरही आहे. काउंटर १६ बिटांचा, पण तुमच्या अडीच वेढ्यांचे २४,००० काउंट त्यात आरामात बसतात. वेळ मोजायला ए चॅनेल दुसऱ्या एका टायमरच्या कॅप्चर इनपुटलाही द्या. चढत्या कडेपासून पुढच्या चढत्या कडेपर्यंतचा वेळ मिळतो, म्हणजे आपल्याला हवा तो पूर्ण फेरा.

पुलअप ३.३ व्होल्टला करा, ५ ला नको. ओपन कलेक्टरचा फायदा हाच की एन्कोडर ५ व्होल्टवर चालवूनही सिग्नल ३.३ चा मिळतो. या चिपच्या पीए० ते पीए७ पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत.

रंकाळा_रेसर

पुली आणि बेल्ट बसवला, ब्लू पिलवर मोजणी आणि वेग दोन्ही घेतले. वेढ्याला ९६०० येतात, मार्करची रेघ जुळते. घरघर डॅम्पर पूर्ण वाढवला तरच आणि कान लावला तरच ऐकू येते. कोपऱ्यातून बाहेर पडताना टायर पकड सोडतो तो क्षण आता हाताला आधी कळतो, हे मला अपेक्षित नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचा प्रश्न. या एन्कोडरला झेड चॅनेल (वेढ्यात एकदाच येणारी खूण) नाही. प्रत्येक वेळी चालू करताना सेंटर हाताने धरायला लागतो. काय करता येईल?

भोसरी_मेंटेनन्स

झेड असता तरी बेल्टमुळे तो व्हीलच्या एका वेढ्यात चार वेळा आला असता. शाफ्टवर पत्र्याचा एक पातळ फ्लॅग बसवा आणि खाली फटीचा ऑप्टो सेन्सर, जुन्या प्रिंटरमध्ये असतो तो. कड नेहमी एकाच दिशेने येताना पकडा. डावीकडून आलात तर जागा वेगळी आणि उजवीकडून आलात तर वेगळी मिळते.

सर्किटवेडी

आणि फ्लॅग दर ३६० अंशांना येणार. तुमचा फेरा दोन्हीकडे ४५० अंश, म्हणजे −३६०, ० आणि ३६० तिन्ही जागी तो दिसेल. चालू करताना व्हील साधारण मधे, अर्ध्या वेढ्याच्या आत असलं पाहिजे. फर्मवेअरने मोटरला थोडा करंट देऊन सावकाश एका बाजूला न्यावं, फ्लॅग पार करून परत यावं आणि ठरलेल्या कडेवर काउंट ठरलेल्या आकड्याला बसवावा. करंटवर मर्यादा घाला, घरात लहान मूल व्हील धरून बसलेलं असू शकतं.